तुझ्या हातची माझी सही

४ मार्च

टिल्लू,

हा पत्ता तुझाच आहे का, मला माहीत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या तुझ्या दोस्ताकडून मिळवला, तोही सहजासहजी नाही. चार वेळा दुकानात जाऊन बसले, शेवटी नको असलेला चष्मा विकत घेतला, तेव्हा कुठे त्याने चिठ्ठीवर लिहून दिला. तो म्हणतो, तू बंदरावर क्रेन चालवतोस आणि हा तिथल्या कामगारांच्या वसतिगृहाचा पत्ता आहे. पत्र दुसऱ्याच कुणाच्या हातात पडलं असेल, तर त्या भल्या माणसाने इथेच थांबावं. पुढे सगळं आमचं घरगुती आहे.

भांडायला लिहीत नाहीये. सहा वर्षं झाली त्या गोष्टीला. तुझे भाऊजी तुला जेवणाच्या ताटावर "फुकटचं गिळतोस" म्हणाले, तू हात न धुता उठलास, बॅग भरलीस, त्यात मी आता काय बदलणार?

आई बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, माझ्यावर ओरडते. डावा डोळा तू असतानाच गेला होता, गेल्या हिवाळ्यात उजव्यानेही राजीनामा दिला. पण ह्या घरात तिचं डोळ्यांवाचून अडत नाही. भिंतीला हात लावून सगळीकडे फिरते, स्वतःचा चहा स्वतः करते. मी खुर्ची वीतभर सरकवली तरी तिला कळतं. "कुठल्या मेलीने ठेवली ही इथे?" म्हणते. मेली म्हणजे मी.

तर बातमी अशी की मालकीणबाई घर विकतायत. त्यांच्या मुलीने त्यांना कायमचं राहायला बोलावलंय. बाईंनी आम्हाला आधी विचारलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं राहिलात, पहिला हक्क तुमचा. मेअखेरपर्यंत थांबते. नाहीतर मेडिकलवाला मागे लागलाय, त्याला देऊन टाकते." मेडिकलवाला इथे राहणार नाही, पाडून गाळे काढणार. बाईंनी आम्हाला भावही कमी सांगितला. एवढी सोन्यासारखी संधी, म्हणून आम्ही घरकर्जासाठी अर्ज केला. तुझ्या भाऊजींची लिफ्ट कंपनीतली नोकरी पक्की आहे, माझ्याकडे पाच दंतवैद्यांच्या कवळ्यांचं काम आहे. पुढच्या खोलीत तेच बाक, तीच भट्टी, तोच प्लॅस्टरचा पसारा. एकट्या भाऊजींच्या पगारावर कर्ज बसत नाही, म्हणून दोघांच्या नावाने अर्ज.

गेल्या आठवड्यात बँकेतल्या कर्जवाल्या मॅडमनी बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. म्हणाल्या, "तुमच्या नावावर एक क्रेडिट कार्ड बुडीत गेलंय."

मी हसले. म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे एकच कार्ड आहे. त्याच्यावर मी मेण आणि दातांचे संच मागवते, आणि बिल आलं की भरून टाकते."

"हे दुसरं आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बँकेचं. सहा वर्षांपूर्वीचं. एक वर्ष भरलंय, मग काहीच नाही." मग त्यांनी समजावलं की घरकर्ज देण्याआधी बँक माणसाचा स्कोअर बघते, आधीची उसनवारी त्याने कशी फेडली ते बघते. अर्ज दोघांचा असेल तर जो कच्चा, त्याच्यावरून दोघांना तोलतात. तुझ्या भाऊजींचं सगळं स्वच्छ आहे. खाली ओढतेय ती मी.

कार्ड आपल्या घराच्या पत्त्यावर आलं होतं, तू आमच्याकडे राहत होतास तेव्हा. मला एवढंच विचारायचंय, त्या सुमारास कुणी एजंट घरी आला होता का? एखादं जाड पाकीट आल्याचं आठवतं का? आठवून कळव. बाकी काही नाही.

मी हे पत्र लिहिलंय हे घरात कुणाला माहीत नाही.

ताई


२२ मार्च

टिल्लू,

तुझं उत्तर नाही. टपाल लांबचं आहे, असं मी स्वतःला सांगते. प्लॅस्टर सुकेपर्यंत हात रिकामे असतात, तेवढ्यात लिहून घेते.

आम्ही मोठा घोळ घालून ठेवलाय. समोरच्या घरातले विमावाले तुला आठवत असतील, ज्यांना जगातलं सगळं कळतं. ते म्हणाले, "एका बँकेने नाही म्हटलं म्हणून काय झालं? पाच-सहा ठिकाणी एकदम टाका, एक तरी माशी जाळ्यात सापडेल." आम्ही टाकले. ते म्हणाले, "घरकर्ज मागताना हातात क्रेडिट कार्ड दिसता कामा नये, बंद करा." मी माझं कार्ड बंद केलं आणि कवळीची तार तोडायच्या पक्कडीने त्याचे तुकडे केले. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं मला.

सगळ्या बँकांनी नकार दिला. मग पुन्हा त्या पहिल्या मॅडमकडे गेलो. त्यांनी पडदा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ओळखीचे आहेत एक."

"अहो, तुम्ही कर्ज मागितलंत की प्रत्येक बँक तुमचा अहवाल उघडते, आणि उघडल्याची नोंद राहते. पुढची बँक बघते, ही बाई महिन्याभरात सहा दारं ठोठावून आलीय, म्हणजे नक्की काहीतरी पेटलंय. तुमचा स्कोअर आणखी खाली आलाय. आणि ते जुनं कार्ड! बारा वर्षं तुम्ही एक दिवस न चुकवता भरलेलं! तुमच्या बाजूने बोलणारं तेवढं एकच होतं. त्याचंच तोंड बंद केलंत."

तुझे भाऊजी मग हळूच म्हणाले, "माझं कार्ड मात्र मी चालू ठेवलंय." मॅडमना जरा बरं वाटलं. मग त्यांनी ते बघितलं. मालकीणबाईंना इसार देण्यासाठी भाऊजींनी त्याच कार्डावरून जेवढी निघेल तेवढी रोख काढली होती. अगदी काठोकाठ. ह्याला बँकेच्या भाषेत काय म्हणतात ते मी विसरले, पण अर्थ असा, की कार्ड काठोकाठ वापरलं की माणूस गळ्यापर्यंत बुडालाय असं धरतात.

"बुडालोच आहोत, मॅडम," भाऊजी म्हणाले. त्या बिचाऱ्यांनी पडदा पुन्हा स्वतःकडे फिरवून घेतला.

आता ऐक. गेल्या पत्रात मी तुला एजंटाबद्दल विचारलं, पाकिटाबद्दल विचारलं. ते सगळं नाटक होतं. ते पत्र लिहायच्या आधीच मी त्या कार्डवाल्या बँकेत जाऊन अर्ज बघून आले होते. खाली माझ्या नावाची सही होती. माझी सही म्हणजे चिखलातून गेलेली कोंबडी. आणि ही सही म्हणजे लग्नपत्रिकेवर छापावी अशी, शेवटच्या अक्षराला खाली वळवून शेपूट काढलेली. तसं शेपूट आपल्या घरात एकच माणूस काढतो. मी बघितलं, कागद त्या माणसाला परत दिला, "बघते" म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून एजंटाचं नाटक केलं. तू स्वतःहून म्हणशील, "ताई, माझ्याकडून झालं." म्हणाला नाहीस.

मला पैसे नकोत. तुझ्याकडून एक कागद हवा. त्या बँकेच्या नावाने लिही की हे कार्ड तू घेतलंस आणि बहिणीला माहीत नव्हतं. बँकेचा पत्ता मागे लिहिलाय. तुझ्या सहीने लिही. ह्या वेळी तुझ्या.

ताई


१४ एप्रिल

टिल्लू,

कार्डवाल्या बँकेत गेलो होतो. माझ्यापुढे दोन रस्ते आहेत म्हणतात. एक, सगळी थकबाकी व्याजासकट मी भरायची, किंवा थोडी सूट घेऊन मिटवायची. पण मिटवलं तरी माझ्या नावापुढे ‘तडजोड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, आणि तो शेरा बघून घरकर्ज कुणी देत नाही. दुसरा रस्ता, माझी खोटी सही झाली अशी पोलिसांत आणि बँकेत तक्रार करायची. चौकशी होऊन ते कार्ड माझ्या नावावरून उतरतं. तक्रारीत एक रकाना आहे, ‘कुणावर संशय आहे काय’.

तुझे भाऊजी म्हणतात, "लिहून टाक. तो आपल्यासाठी थांबला का?" मी अजून काही लिहिलेलं नाही.

पण त्याआधी घरात काय झालं ते तुला कळायला हवं. बँकेने त्या कार्डाचे जुने हिशेब पाठवले. दुपारी जेवून झाल्यावर मी बाकाशी बसून भाऊजींना वाचून दाखवत होते. आई आतल्या खोलीत पडली होती. पहिलीच नोंद वाचली आणि थांबले. डोळ्यांचं हॉस्पिटल.

"कुठलं हॉस्पिटल?" भाऊजी म्हणाले. "आईंचं ऑपरेशन तर मोफत शिबिरात झालं होतं."

तूच सांगितलं होतंस तसं. मी तर त्या खोलीत येऊनही गेले होते. स्वच्छ पडदे, उशाशी घंटी, गार हवा. मला वाटलं होतं, दानधर्म करणारे लोक किती सुधारलेत!

"शिबिर नव्हतं ते," दारातून आवाज आला. आई चौकटीला धरून उभी होती. कधी आली कळलंच नाही. ह्या घरात तिचा पाय वाजत नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कपाटातून तुझे कागद मीच काढून दिले त्याला. तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस. महिन्याभरात केलं नाही तर उजवाही जाईल, असं सांगितलं होतं मला. जावईबापूंचा पगार तेव्हा अडकलेला. मागायचं कुणाकडे?"

"माझ्याकडे! मला सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू हे बाक विकलं असतंस."

टिल्लू, खरंय. विकलं असतं.

मग आई म्हणाली, "त्या तक्रारीत माझं नाव घाला. लिहा, म्हातारीने केलं. आंधळीला कोण तुरुंगात टाकतंय? आणि टाकलं तरी मला काय कळणार, तुरुंग आहे का महाल?"

तुझ्या भाऊजींना हसू फुटलं. मग ते एकदम उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले, बराच वेळ.

तर ते ऑपरेशन मला मान्य आहे. त्याने आईला पाच वर्षं दिसत राहिलं, त्याची किंमत मी कुठल्या तोंडाने विचारू? पण हॉस्पिटल त्या यादीत एकतृतीयांश आहे. पुढे विमानाचं तिकीट आहे. महागडा फोन आहे. मग मशीनमधून रोख, पुन्हा रोख, पुन्हा रोख. ते आईचं नव्हतं, ते तुझं होतं. वर्षभर तू दर महिन्याला ‘कमीत कमी रक्कम’ भरत होतास. मॅडम म्हणाल्या, त्याने माणसाला वाटतं आपण फेडतोय, आणि खाली व्याज वाढतच असतं. मग एका महिन्यापासून काहीच नाही. त्या महिन्यात काय झालं होतं तुला? काम गेलं? आजारी होतास? मी कागद हातात धरून तुझी काळजी करत बसले, आणि मग माझाच मला असा राग आला की वितळलेलं मेण हातावर सांडलं.

आई रोज विचारते, "टपाल आलं?" मी म्हणते, "आज सुट्टी आहे." किती सुट्ट्या सांगू?

ताई


३० एप्रिल

मेडिकलवाला काल माणसं घेऊन आला होता. मालकीणबाईंनीच परवानगी दिली. म्हणाल्या, "नुसतं मोजू दे गं, मोजल्याने घर जात नाही." माणसांनी फीत धरून सगळ्या भिंती मोजल्या, कुठली पाडायची, कुठली ठेवायची, खडूने खुणा केल्या. माझ्या बाकामागच्या भिंतीवर मोठी फुली आहे. मी कवळी घासत होते, माझ्या डोक्यावरून हात घालून त्याने ती फुली मारली. "सॉरी हं ताई," म्हणाला. ताई म्हणाला मला.

ते गेल्यावर आई नेहमीसारखी भिंतीला धरून चहा करायला निघाली. मधेच थांबली. बोटं चोळून बघितली. "हे काय लागलंय भिंतीला? पीठ?"

मी म्हटलं, "माझं प्लॅस्टर उडलं असेल."

ती चहा न करताच परत जाऊन बसली.

मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोलले. गेल्या पत्रात लिहिलं, तक्रारीत अजून काही लिहिलेलं नाही. ती मी आदल्याच आठवड्यात देऊन आले होते. संशयिताच्या रकान्यात तुझं नाव आहे, माझ्या अक्षरात. वाटलं होतं, तुला माहीत नसताना तू कबूल करशील, म्हणजे धाकाने केलंस असं होणार नाही. मूर्खपणा आहे, मला कळतंय.

आईला गेल्या आठवड्यात कळलं. पोलिसांचा फोन तिने उचलला. तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही, भाऊजींनी वाढलं तर खाते. भाऊजी बिचारे कामावरून दुपारी धावत येतात, तिला वाढतात आणि पुन्हा पळतात. तेही माझ्याशी बोलत नाहीत, कारण तक्रार करायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि आता त्यांना आईकडे बघवत नाही.

आणि एवढं करून उपयोग शून्य. बँक म्हणते, ज्याने सही केली तो कबूल करत नाही तोवर चौकशीला महिने लागतील. आमच्याकडे महिने नाहीत, मे आहे.

काय करतोस तू ही पत्रं? उघडतोस तरी का? का वसतिगृहाच्या टेबलावर पडून असतात आणि लोक त्यांच्यावर चहाचे कप ठेवतात? तुला रागावायचंय तर माझ्यावर रागाव, भाऊजींवर रागाव, पण ती बाई भिंतीशिवाय कशी चालेल हे एकदा मला सांग. नवीन घरात ती पहिल्या दिवशी कुठे हात लावेल ते सांग. तू घेतलेस ना तिला डोळे विकत? मग हेही सांग.

मेलास तू मला.

हे वाक्य खोडायला पेन उचललं होतं. खोडत नाही. राहू दे.


२३ मे

टिल्लू,

काल बँकेच्या तक्रार विभागातून फोन आला. "बाई, तुमच्या भावाचा कागद आलाय. येऊन बघून जा."

गेले. तिथल्या माणसाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागद समोर ठेवला. तुझंच अक्षर. वकिलाचा शिक्का, साक्षीदार, सगळं रीतसर. ‘हे कार्ड मी माझ्या बहिणीच्या नावाने, तिची खोटी सही करून घेतलं. वापरही मीच केला. बहिणीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं. हप्त्यांनी फेडायला तयार आहे.’

मला एक ओळही नाही. पाकिटात माझ्या नावाची चिठ्ठी नाही. मी त्या माणसाला दोनदा विचारलं, पाकीट उलटं करून झटकलं. तो कंटाळला असेल.

घरी येऊन आईला सांगितलं. म्हटलं, त्याने सगळं खरं लिहिलंय, एक ओळ सोडून.

"कुठली?"

"आईलाही माहीत नव्हतं, असं लिहिलंय."

आई म्हणाली, "खोटारडा." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा सांग काय लिहिलंय." मी सांगितलं. मग पुन्हा. मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "भूक लागलीय, वाढ."

तुझ्या कागदामुळे काय झालं तेही सांगते, कारण तुला ते कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. कार्ड माझ्या नावावरून उतरणार आणि तुझ्या नावावर चढणार. हप्ते भरत राहिलास तर बँक खटला पुढे नेणार नाही, असं लेखी देतायत. पण तुझ्या नावापुढे तो शेरा आला. उद्या तुला घर घ्यायचं म्हटलं, गाडी घ्यायची म्हटली, तर कुणीतरी मॅडम तुझ्याकडे पडदा फिरवणार. मला हे आधी कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी डोळेझाक केली.

आणि माझं नाव स्वच्छ व्हायला अजून महिना-दीड महिना लागेल. मी मालकीणबाईंकडे गेले, त्यांच्या पायाशीच बसले. म्हटलं, "दीड महिना फक्त."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? म्हणाल्या, "अगं, मुलीने तिकडे माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय. माझंही वय झालंय. तुझं कर्ज होईलच असं कोण सांगतंय? मेडिकलवाला नगद घेऊन उभा आहे." इसाराची पूर्ण रक्कम त्यांनी परत केली, एक पैसाही कापला नाही. मला उलट त्याचाच त्रास झाला. कापली असती तर भांडता तरी आलं असतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

ताई


१९ ऑगस्ट

टिल्लू,

घर गेलं. जून सरायच्या आत आम्ही बाहेर पडलो. बाक उचलायला चार माणसं लागली, भट्टीला दोन. आई सगळ्यांत शेवटी निघाली. मला वाटलं होतं, ती रडेल, भिंतीला हात फिरवेल. तिने फक्त विचारलं, "गॅस बंद केलास ना?"

महिनाभर आम्ही भाऊजींच्या कंपनीतल्या एका साहेबाच्या रिकाम्या खोलीत होतो. जुलैत माझा अहवाल सुधारून आला. इसाराच्या पैशातून भाऊजींनी त्यांचं कार्ड रिकामं केलं. मग पहिल्याच मॅडमकडे अर्ज दिला, आणि ह्या वेळी दुसरीकडे कुठेही नाही. विमावाले म्हणाले, "अजून एक-दोन ठिकाणी टाका." भाऊजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते घरी गेले.

कर्ज मंजूर झालं. मागितलं तेवढं नाही. माझं जुनं कार्ड मी तोडलं, ते काही परत उगवत नाही. मिळालं त्यात बसस्थानकामागे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आल्या. लिफ्ट आहे आणि ती बंद आहे. पहिल्या दिवशी आईला उचलून जिना चढताना भाऊजी म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या, आणि स्वतःच्या सासूला पाठीवर!" आता सुटीच्या दिवशी ते लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत दुरुस्ती करत बसतात. सोसायटीवाले त्यांना चहा पाठवतात, पैसे देत नाहीत.

सगळं बरं चाललंय असं लिहिणार होते. आईचं नाहीये. ती बसून असते. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराकडे जायला निघाली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. काही मोडलं नाही, पण तेव्हापासून हाक मारल्याशिवाय उठत नाही. चहा मी करून देते. ती "छान झालाय" म्हणते. पूर्वी कधी माझ्या चहाला छान म्हणाली नव्हती. ह्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. करीन का तेही माहीत नाही. मला अर्धं स्वतःलाही करायचंय, ते आधी होतं का बघू.

भाऊजी गेल्या पगाराला कार्डवाल्या बँकेत गेले होते, मला न सांगता. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमचा ह्या खात्याशी काही संबंध नाही आता, कशाला भरताय?" भाऊजी म्हणाले, "दवाखान्याचे तेवढे आमचे आहेत. विमानाचं आणि फोनचं त्याचं तो बघेल." पहिला हप्ता भरून आले. दर महिन्याला भरणार म्हणतात. घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्या भावाला सांगू नकोस." म्हणून सांगतेय.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रविवारी दुपारी आईचा फोन वाजला. तिचा नंबर अजून जुनाच आहे. तिने उचलला, दोन-तीनदा हॅलो म्हणाली. तिकडून काहीच नाही. मी म्हटलं, "ठेव, राँग नंबर असेल." तिने हात वर करून मला गप्प केलं आणि बोलायला लागली.

अर्धा तास तरी बोलत होती. शेजारची बाई बेसूर गाते ते सांगितलं. लिफ्टचं सांगितलं. "तुझ्या बहिणीने नव्या घरात सगळ्या खुर्च्या चुकीच्या ठेवल्यात," हेही सांगितलं. मग म्हणाली, "पट्टी काढली त्या दिवशी पहिला तू दिसलास रे मला. दाढी वाढली होती. मी काहीच बोलले नाही, डॉक्टर होते ना समोर. पाच वर्षं चांगलं दिसलं मला. सगळं बघून घेतलं." मी दारातच उभी होते. बाहेर जावं की थांबावं, कळत नव्हतं.

मग तिने विचारलं, "जेवलास का?" आणि थांबली.

"जेवून घे," म्हणाली, आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"रेंज नव्हती," आई म्हणाली. "पण ऐकत होता."

नंतर ती उठली. मी हाक मारली नव्हती. खिडकीपर्यंत गेली, हात पुढे धरून, तिकडे जाताना टेबलाला एकदा धडकली, टेबलाला शिवी घातली आणि गेली.

तो नंबर मी तिच्या फोनमध्ये घालून ठेवलाय. नाव अजून लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी तू नुसतं "आई" म्हण. मग लिहिते.

ताई